चेकर्ड प्लेटची फरशी वारंवार फुगते, वाजते आणि वेल्ड सोडते : कारण कसे शोधावे, दुरुस्ती कशी करावी

भोसरी, चाकण, पिरंगुट किंवा रांजणगाव या भागांतल्या कारखान्यांत जागा अपुरी पडू लागली की शेडच्या आतच लोखंडी मेझनाइन, म्हणजे मधला मजला, उभारले जाते. खाली मशिनी, वर टूल स्टोअर, असेंब्ली किंवा पॅकिंग अशी मांडणी होते आणि फरशी म्हणून बहुतेक ठिकाणी ६ मिमी चेकर्ड प्लेट (घसरू नये म्हणून उंचवट्यांची नक्षी असलेली पोलादी प्लेट) टाकली जाते. पहिले काही महिने सर्व ठीक चालते. नंतर एखाद्या ठिकाणी पाऊल पडताच 'ठक्क' असा आवाज येऊ लागतो, काही प्लेटांना मधोमध पोट येते, हँड पॅलेट ट्रक जाताना फरशी थाळीसारखी वाजते आणि कडेचे वेल्ड एकामागून एक तडकतात. फॅब्रिकेटरला बोलावले की तो तुटलेल्या जागी चार टाके मारून, वर रेड ऑक्साइड फासून जातो. पुढच्या उन्हाळ्यात त्याच प्लेटी, त्याच जागा आणि पुन्हा तोच फॅब्रिकेटर.

या दुष्टचक्राचे कारण बहुधा एकच असते. तुटलेला वेल्ड हा दोष समजून त्याची दुरुस्ती केली जाते, पण तो दोष नसून परिणाम असतो. प्लेट कशामुळे हलते आहे हे ठरवल्याशिवाय तिला पुन्हा घट्ट डांबून ठेवले, तर हालचाल थांबत नाही. ती फक्त शेजारच्या वेल्डवर जाते. पुढील विवेचन ५ ते ८ मिमी जाडीच्या, आय-बीम, चॅनेल किंवा अँगलच्या सांगाड्यावर बसवलेल्या प्लेटींपुरते आहे. काँक्रीट भरलेल्या डेक शीटचा प्रश्न निराळा आहे आणि तो येथे घेतलेला नाही.

प्लेट चार कारणांनी हलते

पहिले कारण वेल्डिंगचे आकुंचन. दुसरे तापमान. तिसरे वरून जाणारा भार. चौथे प्लेट आणि बीम यांच्या फटीत साचणारा गंज. चारही कारणांचा शेवट वरवर पाहता सारखाच दिसतो, म्हणजे फुगलेली किंवा वाजणारी प्लेट. पण या चौघांचे वेळापत्रक वेगवेगळे असते आणि निदानासाठी त्याचाच उपयोग करायचा असतो. वेल्डिंगमुळे आलेले पोट पहिल्या दिवसापासून असते आणि सकाळी, दुपारी, रात्री तेवढेच राहते. तापमानामुळे येणारे पोट उन्हाबरोबर चढते आणि उन्हाबरोबर उतरते. भारामुळे होणारी हालचाल ट्रॉली प्लेटीवर असेपर्यंतच दिसते. गंजाने उचललेली प्लेट मात्र हळूहळू, काही वर्षांत वर येते, ती मध्यावर नव्हे तर बीमच्या ओळीवर उचललेली असते, आणि एकदा उचलली की परत खाली बसत नाही.

म्हणून वेल्डिंग मशीन लावण्याआधी एक दिवस केवळ मोजमापासाठी ठेवावा. साधने फार लागत नाहीत : एक मीटरची सरळ अ‍ॅल्युमिनियम पट्टी, स्टीलची पट्टी, फीलर गेज, मार्किंग चॉक आणि शक्य असल्यास इन्फ्रारेड थर्मामीटर. प्रत्येक संशयित प्लेटीला क्रमांक द्यावा, खालच्या बीमच्या ओळी वरून चॉकने आखून घ्याव्यात आणि दोन बीमच्या मधोमध, सरळपट्टीखाली किती फट किंवा किती उंचवटा आहे ते सकाळी काम सुरू होण्यापूर्वी आणि दुपारी दोन-तीनच्या सुमारास मोजावे. चेकर्ड प्लेटीवर पट्टी ठेवताना ती नक्षीच्या उंचवट्यांवर टेकते. त्यामुळे दोन्ही वेळा पट्टी नेमक्या त्याच खुणेवर ठेवणे महत्त्वाचे आहे, नाही तर नक्षीची उंचीच मोजमापात मिसळून जाते. दोन आकड्यांत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आढळला तर तापमानाचा हात आहे असे समजावे. फरक नसेल आणि तरी पोट असेल, तर ते वेल्डिंगचे किंवा मुळातच वाकड्या आलेल्या प्लेटीचे आहे.

त्यानंतर खाली जाऊन पाहणे अनिवार्य आहे. वरून पाहून निदान करणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि तेथेच पुष्कळदा चूक होते. खालून टॉर्च मारून बीमच्या वरच्या फ्लँजची (आडव्या पट्टीची) कड बघावी. प्लेट जेथे बीमवर सतत घासत असते तेथे रंग उडून चंद्रकोरीसारखी चकचकीत पट्टी दिसते आणि तिच्या कडेला तांबूस-तपकिरी बारीक पूड साठलेली असते. ही पूड म्हणजे पावसाने आलेला गंज नव्हे. दोन पोलादी पृष्ठभाग सूक्ष्म हालचालीने एकमेकांवर घासल्याने सुटलेले आणि लगेच गंजलेले कण आहेत. जेथे ती पूड आहे तेथे प्लेट बीमला जोडलेलीच नाही, मग वरून कडेचा वेल्ड कितीही सुरेख दिसो. पूड नसून फटीत थरांचा, पापुद्र्यांसारखा कठीण गंज दाबून भरलेला दिसला, तर तो चौथा प्रकार होय.

एक दशांश मिलिमीटरचा खेळ

फुगवटा एवढा मोठा का दिसतो, हे समजण्यासाठी थोडे गणित आवश्यक आहे. दोन बीममध्ये ६०० मिमी अंतर आहे आणि प्लेट दोन्ही बीमवर पक्की धरलेली आहे असे समजू. पोलाद दर अंश सेल्सिअसला दर मीटरमागे सुमारे ०.०१२ मिमी वाढते. बीमपेक्षा प्लेट १५ अंशांनी अधिक तापली, तर ६०० मिमी लांबीत तिची वाढ होते जेमतेम ०.११ मिमी. एवढी वाढ केसाच्या जाडीची. पण तिला बाजूला सरकायला जागा नसेल तर प्लेट कमान करून वर येते, आणि ०.११ मिमी जादा लांबी सामावण्यासाठी त्या कमानीची उंची सुमारे ५ मिमी व्हावी लागते. म्हणजे लांबीतला एक दशांश मिलिमीटरचा फरक फरशीवर ५ मिमीचे पोट बनून दिसतो. ५ मिमीचा फुगवटा हातोड्याने ठोकून बसत नाही याचे कारणही हेच आहे : जादा लांबी कोठेतरी गेलीच पाहिजे, आणि ठोकल्याने ती एका खणातून शेजारच्या खणात ढकलली जाते.

वेल्डिंगच्या आकुंचनाचा परिणाम याच गणिताची दुसरी बाजू आहे. कडेचा वेल्ड थंड होताना प्लेटीची कड आखडते, मधला भाग मात्र मूळ लांबीचाच राहतो. कडेच्या मानाने मध्य एक-दोन दशांश मिलिमीटरने लांब उरला की त्याला वर किंवा खाली जाण्यावाचून पर्याय राहत नाही. जहाजबांधणीत हा प्रश्न रोजचा आहे. तेथे डेकच्या आणि भिंतींच्या पातळ प्लेटींना मागून थोड्या थोड्या अंतरावर स्टिफनर (प्लेट ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या) वेल्ड केलेले असतात, त्यामुळे जुन्या जहाजाच्या रंगवलेल्या बाजूवर तिरपा प्रकाश पडला की आतल्या स्टिफनरच्या ओळी बाहेरून मोजता येतात. तेथील कामगार वेल्डचा आकार, क्रम आणि दिशा यांबाबत काटेकोर असतात, ते दिसण्यापेक्षा या आकुंचनाच्या धाकाने.

प्लेट किती तापमानफरक सोसते हेही पाहण्यासारखे आहे. ६ मिमी प्लेट ६०० मिमी अंतरावरच्या आधारांवर बसवली, दोन्ही टोके पुढे-मागे सरकू दिली नाहीत पण वळायला मोकळी ठेवली, तर पट्टीच्या साध्या हिशेबाने सात-आठ अंशांच्या फरकातच ती कमान करू लागते. आधारांतले अंतर ९०० मिमी असेल तर साडेतीन अंश पुरतात. प्रत्यक्षात बीमही थोडा वाढतो, वेल्डही थोडे वळू देत नाही, त्यामुळे आकडे काहीसे वर सरकतात. पण अंदाज पुरेसा बोलका आहे. उघड्यावरच्या प्लॅटफॉर्मवर एप्रिलच्या दुपारी वरची प्लेट उन्हात आणि खालचा बीम सावलीत असताना दहा-पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. शेडच्या आतही सुटका नसते. पुण्यातल्या बहुतेक शेडांच्या छपरात उजेडासाठी अर्धपारदर्शक पत्रे बसवलेले असतात. त्यांतून येणारा उन्हाचा पट्टा दुपारभर फरशीवरून सरकत जातो आणि ज्या प्लेटीवर तो येतो ती 'टण्' करून वर उडी घेते, पट्टा पुढे गेला की थोड्या वेळाने तसाच आवाज करून खाली बसते. मेझनाइनवर कोणी नसताना आवाज येतो, अशी रात्रपाळीची किंवा जेवणाच्या सुट्टीतली तक्रार असेल तर आधी छपराकडे पाहावे. भुताखेताची चर्चा नंतरही करता येईल.

मजबूत प्लेट आणि ताठ प्लेट

भाराच्या बाबतीत सर्वाधिक गैरसमज आढळतो. "६ मिमी प्लेट आहे, हत्ती उभा राहील" असे सांगितले जाते आणि ते फारसे खोटेही नसते. भारतीय मानक आयएस ८७५, भाग २ मध्ये यंत्रसामग्री असलेल्या औद्योगिक कामाच्या जागांसाठी हलक्या, मध्यम आणि जड वापराप्रमाणे प्रति चौरस मीटर ५, ७ आणि १० किलोन्यूटन असे भार धरलेले आहेत. ५ किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने ५०० किलो. एवढा भार ९०० मिमी अंतराच्या आधारांवरील ६ मिमी प्लेटीवर सारखा पसरला, तर प्लेटीतील ताण ८४ मेगापास्कलच्या आसपास येतो. आयएस २०६२ मधील ई२५० दर्जाचे पोलाद कायमचे वाकू लागण्याची ताणाची पातळी २५० मेगापास्कल आहे, म्हणजे प्लेट तुटण्याचा किंवा कायमची वाकण्याचा प्रश्नच नाही. पण त्याच भाराखाली ती मध्यावर जवळपास १२ मिमी झुकते. तेच अंतर ६०० मिमी केले तर झुकाव २.३ मिमी होतो. जाडी ६ वरून ८ मिमी केली आणि अंतर ९०० मिमीच ठेवले तर झुकाव ५ मिमी राहतो.

झुकाव अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो आणि जाडीच्या तिसऱ्या घाताने घटतो. म्हणून जाड प्लेटीवर पैसे घालण्यापेक्षा मध्ये एक अँगल वाढवणे जवळजवळ नेहमीच स्वस्त आणि अधिक परिणामकारक ठरते. जहाजांच्या वरच्या मजल्यांच्या डेक प्लेटी आपल्या मेझनाइनपेक्षा फार जाड नसतात. त्यांचा ताठपणा खालच्या स्टिफनरांतून येतो. पुण्यात मात्र कोटेशनमध्ये प्लेटीची जाडी ठळक अक्षरांत असते आणि आधारांतले अंतर ड्रॉइंगच्या कोपऱ्यात, तेही ड्रॉइंग असेल तर.

सारख्या पसरलेल्या भारापेक्षा चाकाचा भार अधिक त्रासदायक असतो. दोन टनांच्या हँड पॅलेट ट्रकचे पुढचे रोलर लहान आणि कडक असतात आणि भाराचा मोठा वाटा त्यांच्यावर येतो. तो रोलर प्लेटीच्या जोडावरून जाताना एका प्लेटीची कड झुकते, दुसरीची नाही, आणि रोलर त्या दोन मिलिमीटरच्या पायरीवर आपटतो. दिवसातून शेकडो वेळा होणारा हा आघात कडेचा वेल्ड थकवून तोडतो. जोड बीमच्या मध्यावर न येता हवेत आला असेल तर हे हमखास घडते. अशा जोडाखाली ५० × ५० × ६ अँगलचा किंवा किमान ५० मिमी रुंद फ्लॅटचा आधार दिल्याशिवाय वरून कितीही वेल्ड भरला तरी टिकत नाही.

प्लेट खरोखर सांगितलेल्या जाडीची आहे का, हेही येथेच तपासून घ्यावे. आयएस ३५०२ प्रमाणे चेकर्ड प्लेटीची जाडी नक्षीचा उंचवटा वगळून मोजायची असते. बाजारात मात्र पट्टी उंचवट्यावर ठेवून '६ मिमी' दाखवणारे भेटतात. साध्या ६ मिमी प्लेटीचे वजन प्रति चौरस मीटर ४७.१ किलो येते. नक्षीमुळे त्यात थोडी भर पडते, घट कधीच होत नाही. म्हणजे १२५० × २५०० मिमीची एक प्लेट १४७ किलोपेक्षा हलकी भरली, तर ती ६ मिमीची नाही. गाडी उतरवताना वजनकाट्याची पावती आणि प्लेटींची संख्या यांचा भागाकार करणे एवढेच काम आहे. ६ ऐवजी ५ मिमी आली असेल तर झुकाव पावणेदोन पटींच्या जवळ जातो, आणि मग वेल्डरला दोष देण्यात अर्थ उरत नाही.

निदानानुसार दुरुस्ती

सर्वांत जास्त आढळणारा दोष सांगून टाकतो : प्लेट चारही कडांना वेल्ड केलेली असते आणि मधल्या बीमांना जोडलेलीच नसते. मोठी प्लेट तीन-चार बीमांवरून जाते, पण वरून फक्त कडाच दिसतात, त्यामुळे वेल्डही फक्त कडांनाच होतो. खालून ओव्हरहेड वेल्डिंग करायला घोडा बांधावा लागतो आणि त्याचे पैसे कोटेशनमध्ये नसतात. मग मधल्या बीमवर प्लेट नुसती टेकलेली राहते आणि प्रत्येक पावलाला आपटते. ती तांबूस पूड येथेच सापडते. यावर उत्तम उपाय वरून प्लग वेल्ड हा आहे. बीमच्या चॉकच्या ओळीवर सुमारे ३०० मिमी अंतराने २० मिमी व्यासाची भोके ड्रिलने किंवा मॅग्नेटिक ड्रिलने पाडावीत, भोकातून दिसणारा बीमचा वरचा फ्लँज ग्राइंड करून रंग आणि गंज काढावा, प्लेट फ्लँजवर पूर्ण टेकेल इतकी दाबून धरावी आणि मगच भोकाच्या तळाच्या परिघापासून आत वेल्ड भरत यावे. भोके गॅस कटिंगने पाडू नयेत. कड ओबडधोबड होते, स्लॅग अडकतो आणि उष्णतेने नवीन पोट तयार होते. प्लेट दाबून न धरता, फट तशीच ठेवून केलेला प्लग वेल्ड काही महिन्यांत बटणासारखा उखडून येतो.

प्लेट दाबण्यासाठी तिच्यावर माणसे उभी करण्याची पद्धत सर्रास आहे. वेल्डिंग चालू असताना ती धोक्याची आहे आणि उपयोगाचीही नाही. खालून सी-क्लॅम्प लावावेत किंवा तात्पुरता तुकडा टॅक करून पाचर ठोकावी.

वेल्डिंगच्या आकुंचनाचे पोट असेल तर नवीन वेल्ड भरण्याऐवजी जुना कमी करावा लागतो. ६ मिमी प्लेटीला कडेने सलग ८ मिमीचा फिलेट (कोपऱ्यात भरलेला तिकोनी वेल्ड) मारलेला आढळतो. त्याची गरज नसते. कोरड्या जागी ४ ते ५ मिमीचा फिलेट, ५० मिमी लांबीचे टाके, साधारण ३०० मिमी अंतराने, एवढे बहुतेक मेझनाइनना पुरते. अर्थात डिझाइन करणाऱ्या अभियंत्याने प्लेटीला बीमचा आडवा आधार म्हणून धरले असेल तर त्याचा शब्द अंतिम. ग्राइंडरने एकाआड एक भाग कापून प्लेट मोकळी करावी, तिला रात्रभर तशीच ठेवावी आणि सकाळी थंड असताना पुन्हा मध्यापासून कडांकडे, समोरासमोरच्या बाजू आलटून-पालटून घेत, प्रत्येक टाका पुढच्या दिशेने न ओढता मागच्या टाक्याकडे आणत जोडावी. मधले प्लग आधी, कडा शेवटी. हा क्रम उलटा केला की जादा लांबी मध्यात कोंडली जाते.

तरीही उरलेल्या पोटासाठी ज्योतीने सरळ करण्याची पद्धत वापरता येते. फुगलेल्या बाजूवर, पोटाच्या मध्याभोवती, नाण्याएवढे ठिपके एकेक करून तापवायचे. ठिपका तापताना भोवतालच्या थंड पोलादात दाबला जातो आणि थंड होताना आखडून जादा लांबी शोषून घेतो. तापमान ६५० अंशांच्या पुढे जाऊ देऊ नये, म्हणजे उजेडात जेमतेम दिसणारा मंद लाल रंग. थर्मल चॉक असेल तर अंदाजावर विसंबावे लागत नाही. एक ठिपका पूर्ण निवल्याशिवाय, आणि पट्टी लावून मोजल्याशिवाय, दुसरा तापवू नये. या कामात घाई करणारा माणूस तासाभरात प्लेटीचा पापड करतो.

तापमानाच्या दोषावर वेल्ड हा उपाय नाही. तेथे प्लेटीला सरकायला जागा द्यावी लागते. उघड्यावरच्या १२ मीटर लांबीच्या प्लॅटफॉर्मवर तापमान ३० अंशांनी बदलले तर लांबी चार मिलिमीटरहून अधिक बदलते. म्हणून लांब फरशीत ठरावीक अंतरावर, बीमच्या ओळीवर, चार-पाच मिलिमीटरची फट सोडावी, फटीच्या एका बाजूची प्लेट वेल्ड करावी आणि दुसरी लांबट भोकांतून काउंटरसंक (डोके प्लेटीत बुडणाऱ्या) बोल्टने धरावी. छपरातून ऊन येत असेल तर त्या पत्र्यावर छाया करणे हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे, आणि केवळ स्वस्त म्हणून तो कोणालाही सुचत नाही.

काही ठिकाणी वेल्ड मुळातच नको असतो. जहाजाच्या इंजिनरूममध्ये पायाखालच्या चेकर्ड प्लेटी वेल्ड केलेल्या नसतात. खालून पाइप आणि व्हॉल्व्ह जातात, म्हणून त्या अँगलच्या चौकटीवर काउंटरसंक स्क्रूने बसवतात आणि हवी ती प्लेट उचलतात. आपल्याकडे केबल ट्रे किंवा कूलंट लाइन प्लेटीखालून नेली असेल तर हेच करावे. एम १२ बोल्ट, प्लेट आणि अँगलमध्ये ३ मिमीची निओप्रीन पट्टी, आणि आवाज थांबतो. पावसात भिजणाऱ्या जागी मात्र ही पट्टी पाणी धरून ठेवते, तेथे ती टाळावी.

गंजाचे प्रकरण

मशीन शॉपच्या मेझनाइनवर पाण्यात मिसळलेला कूलंट सांडतो, फरशी रोज ओल्या पोछ्याने पुसली जाते, आणि शेडच्या बाहेरच्या जिन्यांना जून ते सप्टेंबर पाऊस लागतो. टाक्यांच्या वेल्डमध्ये, दोन टाक्यांच्या मध्ये, प्लेट आणि फ्लँज यांची बारीक फट उघडी राहते. पाणी केशाकर्षणाने आत जाते आणि सहजी बाहेर येत नाही. ब्रश तेथे पोहोचत नाही, म्हणून रंगही नसतो. गंज मूळ लोखंडापेक्षा काही पटींनी अधिक जागा व्यापतो आणि त्याचा दाब इतका असतो की तो फिलेट वेल्ड सोलून काढतो. अशा ठिकाणी वेल्ड पुन्हा भरणे म्हणजे गंजाला आत कोंडणे. प्लेट उचलूनच फ्लँज साफ करावा लागतो, उरलेली जाडी मोजावी लागते, दोन्ही पृष्ठभागांना वेल्डची जागा सोडून इपॉक्सी प्राइमर लावावा लागतो आणि ओल्या जागी टाक्यांऐवजी सलग, पण बारीक, सीलिंग वेल्ड करावा लागतो. जहाजाच्या उघड्या डेकवर वेल्ड सलग असतो तो याच कारणाने. तेथे सहसा साधी प्लेट आणि त्यावर खरखरीत रंग वापरतात, चेकर्ड नव्हे, कारण नक्षीच्या आसपास पाणी थांबते आणि तेथे रंग लवकर जातो. उघड्या डेकला मधोमध किंचित उंचवटा देऊन पाणी कडांकडे वाहते ठेवण्याची रीत जुनी आहे; आपल्या बाहेरच्या प्लॅटफॉर्मला निदान शंभरास एक एवढा उतार द्यायला हरकत नसावी.

गॅल्वनायझिंगचा विचार असेल तर एक इशारा. वितळलेले जस्त सुमारे ४५० अंशांवर असते आणि प्लेटीत साठलेले ताण त्या उष्णतेत मोकळे होतात, त्यामुळे स्टिफनर आधीच वेल्ड केलेली पातळ प्लेट टाकीतून वाकडी होऊन येऊ शकते. दोन पृष्ठभागांमध्ये बंदिस्त पोकळी राहिली आणि तिला भोक नसेल तर आतला ओलावा वाफ होऊन टाकीतच स्फोट होतो. गॅल्वनाइझ्ड प्लेटीवर नंतर वेल्ड करायचा असल्यास जागेवरचे जस्त ग्राइंडरने काढून टाकावे. त्याच्या धुराने ताप येतो.

कापलेल्या भोकांचे कोपरे

मेझनाइन झाल्यावर कोणाला तरी पाइपसाठी, होइस्टच्या साखळीसाठी किंवा जिन्यासाठी जागा हवी असते आणि गॅस कटरने चौकोन कापला जातो. काही महिन्यांनी त्या चौकोनाच्या कोपऱ्यातून तडा निघतो, वेल्डर तो भरतो, तडा शेजारून पुन्हा निघतो. काटकोनी कोपऱ्यात ताण अनेक पटींनी एकवटतो. दुसऱ्या महायुद्धात घाईने बांधलेल्या अमेरिकी लिबर्टी जहाजांच्या डेकवर हॅचच्या (माल उतरवण्याच्या तोंडाच्या) चौकोनी कोपऱ्यांतून असेच तडे निघाले होते. सगळे डेक वेल्ड केलेले असल्याने तडा एका प्लेटीतून दुसरीत विनाअडथळा गेला. थंडीत ठिसूळ होणारे पोलाद हे तेथील मोठे कारण होते आणि पुण्यात ते लागू नाही, पण कोपऱ्याचा धडा जसाच्या तसा लागू आहे. तड्याच्या टोकाशी आधी १० ते १२ मिमीचे भोक ड्रिल करून त्याची वाटचाल थांबवावी, तडा पूर्ण खोलीपर्यंत ग्राइंड करून भरावा, कोपऱ्याला किमान २५ मिमीची गोलाई द्यावी आणि भोकाभोवती खालून फ्लॅटची चौकट लावावी. वरचे भोक कापताना खालचा बीम किंवा अँगल कापला गेला असेल, आणि असे घडते, तर मात्र फरशीचा विषय थांबवून स्ट्रक्चरल अभियंत्याला बोलवावे.

काम सुरू करण्यापूर्वी

खाली चालू मशिनी असताना वर वेल्डिंग करायचे असल्यास अर्थिंगचा क्लॅम्प ज्या प्लेटीवर काम चालू आहे तिलाच, वेल्डच्या जवळ लावावा. शेडच्या दुसऱ्या टोकाच्या खांबाला लावलेल्या क्लॅम्पमुळे परतीचा प्रवाह वाटेत एखाद्या मशिनीतून, तिच्या स्पिंडलच्या बेअरिंगमधून जाऊ शकतो आणि बेअरिंगवर बारीक खड्डे पडतात. तो दोष काही आठवड्यांनी आवाजाच्या रूपाने उघड होतो आणि तोपर्यंत मेझनाइनच्या कामाशी त्याचा संबंध कोणाला आठवत नाही. ठिणग्यांसाठी खाली फायर ब्लँकेट, कूलंटच्या टाक्या आणि चिंध्यांचे डबे बाजूला, आणि उचललेल्या प्लेटीच्या जागी लगेच कठडा, हे सांगण्याची गरज पडू नये. फरशा आणि जिने भक्कम व निसरडेपणापासून मुक्त ठेवण्याची जबाबदारी कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३२ ने कारखान्यावर टाकली होती; २०२५ मध्ये त्या अधिनियमाची जागा नव्या संहितेने घेतली. कायदा कोणताही असो, झिजून गुळगुळीत झालेल्या नक्षीवर चकचकीत एनॅमल रंग मारून ती 'नवीन' करू नये.

दुरुस्ती झाल्यावर त्याच क्रमांकांच्या प्लेटींवर, त्याच चॉकच्या खुणांवर, सकाळ-दुपारची मोजमापे पुन्हा घ्यावीत आणि पहिल्या तक्त्याशेजारी लिहून ठेवावीत. तीच मोजमापे एप्रिल-मेच्या एखाद्या दुपारी पुन्हा घ्यावीत, कारण जानेवारीत केलेली दुरुस्ती तापमानाच्या परीक्षेला अजून बसलेलीच नसते. फॅब्रिकेटरच्या बिलाचा शेवटचा हिस्सा या दुसऱ्या मोजणीपर्यंत राखून ठेवण्याची अट वर्क ऑर्डरमध्ये आधीच घालता येते. एवढे करूनही एकाच ओळीतल्या प्लेटी पुन्हा हलू लागल्या, तर प्लेट सोडून त्या ओळीखालचा बीम तपासावा. त्याच्या जोडाचे बोल्ट सैल असणे, खालची बेस प्लेट ग्राउट न करता (खाली सिमेंटचे मिश्रण न भरता) पाचरांवर उभी असणे किंवा बीमच भाराच्या मानाने लहान असणे, या तिन्ही गोष्टी वरून पाहता वाजणाऱ्या प्लेटीसारख्याच भासतात.